नाक्यावरचा हात

चन्नप्पाला सिव्हिल हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा चौघांनी खाट धरली होती आणि पाचवा, म्हणजे खुद्द चन्नप्पा, खाटेवरून हुकूम सोडत होता. "डावीकडं घ्या. आता थांबा. मागच्यांनी वर उचला." गल्लीतल्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या, पण ते हुकूम ऐकून दोघीतिघींना हसू आवरेना.

काशम्मानं खाट उंबऱ्यावरच थांबवली. लेकावरून भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी उतरून तिनं ते रस्त्यावर टाकलं.

"अव्वा, आटप की. हवालदारसाहेबांचा हात भरून आला आसंल."

"येऊ दे भरून. माझ्या लेकाचा पाय गेला, त्यांच्या हाताचं काय घेऊन बसलास?"

नाक्यावरचे हवालदार खाटेचा कोपरा धरून मुकाट उभे राहिले. म्हातारीपुढं बोलायची त्यांची छाती नव्हती.

गंगम्मा मधल्या घराच्या दारात उभी होती. चन्नप्पाची ती थोरली बहीण, अक्कलकोटला दिलेली. भावाचा डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत लाकडी पट्ट्यांमध्ये आवळलेला तिला दिसत होता. पाय राहील, पण गुडघा पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाक्यावर शिपाई म्हणून उभं राहणं आता संपलं.

तो पाय चिरडणारी मोटर तिच्याच नवऱ्याची होती. हे सगळ्या सोलापूरला माहीत होतं, कारण अक्कलकोट सर्विसच्या मोटारींमध्ये हिरव्या टपाची मोटर एकट्या विरुपाक्षाची. माहीत नव्हतं ते एवढंच, की त्या मंगळवारी सकाळी ती चालवत कोण होतं. मोटर थांबल्यावर लोकांनी पकडला तो क्लीनर येडू. तो चौकीत होता आणि तोंड उघडत नव्हता. विरुपाक्ष म्हणत होता, येडूच चालवत होता. दुपारी फौजदार घरी जबाब घ्यायला येणार होते.

गंगम्मा त्या सकाळी पुढच्या बाकावर बसली होती. नवऱ्याच्या शेजारी.

---

सोप्यात खाट टेकली आणि गल्ली आत आली. दाक्षायणीनं, चन्नप्पाच्या बायकोनं, चहाचं आधण ठेवलं. हवालदारांनी भिंतीला पाठ टेकली आणि कुणी विचारायच्या आत सांगायला सुरुवात केली.

"बाजाराचा दिवस. नाक्याला गाड्यांची ही गर्दी. आधी दुसऱ्या सर्विसची मोटर आली, ती थांबली. तिच्या मागून धुरळा उडवत ही आली. ह्यानं हात वर केला. मोटर थांबंना. मी वरडलो, चन्नू, बाजूला हो! बाजूला झाला, पण चाकावरचा डोळा काही काढला न्हाय. म्हनला, 'साहेब, चाक अडकतच न्हाय. ब्रेक न्हाय तिला. फुडं बाजार हाय.' आन् टाकली सायकलवर टांग."

"आन् तुमी?" कुणीतरी विचारलं.

"मी काय? माझं पोट बघा की." लोक हसले. हवालदार हसले नाहीत. "नाक्यापासनं बाजारापत्तुर उतार. मोटर आपल्या आपण पळतीय. हा सायकल मारत तिच्या मागं. कापसाच्या गाड्या आडव्या आल्या तशी जरा सुस्तावली, तेवढ्यात ह्यानं सायकल सोडली आन् मागची शिडी धरली. टपावर सामान चढवत्यात ती. शिडीला लोंबकळत दातात शिट्टी धरली. तुम्ही ऐकली आसंल."

ऐकली होती. सगळ्यांनीच माना हलवल्या. कासाराच्या म्हातारीनं सांगितलं, तिला वाटलं गिरणीचा भोंगा अवेळी कसा झाला. म्हणून ती पाटी उचलून दुकानाच्या पायरीवर चढली, आणि पाटी होती तिथूनच मोटर गेली.

"ह्या मुलुखात मानूस मोटारीला बघून पळत न्हाय, बघत उभा राहतोय," हवालदार म्हणाले. "शिट्टी ऐकून पळाला. क्या कलेजा है, अम्मा! तुमच्या लेकानं आख्खा बाजार मोकळा केला. एक कोंबडीसुद्धा मेली न्हाय."

कपाळावरची विभूती पदरानं पुसली गेली हेही काशम्माला कळलं नाही.

गंगम्माला ती शिट्टी आतून ऐकू आली होती. विरुपाक्षाचा पाय ब्रेकवर होता आणि ब्रेकचा दांडा नुसता खाली जात होता, पाण्यात काठी घालावी तसा. हातब्रेक तर कित्येक दिवस नावालाच होता. गिअर बदलायला गेला तर तो करकरला आणि बसलाच नाही. सकाळी वळसंगला मोटर थांबली होती तेव्हा येडूनं वाकून मागच्या चाकाच्या ब्रेकच्या तव्याला हात लावला होता आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला होता. "मालक, लई तापलंय. ह्यो पट्टा गुळगुळीत झालाय. सोलापूरपत्तुर न्हाय धरायचा." विरुपाक्ष म्हणाला होता, सोलापुरात बदलू. दुसरी मोटर पुढं गेली होती आणि नाक्यावरचे उतारू तिला मिळणार होते.

मग धुरळा, आणि मागून शिट्टी. फुंकणारा दम घेत होता तेवढाच तिचा खंड. हा आपला चन्नू, हे गंगम्माला एकदम कळलं, कसं ते तिला सांगता आलं नसतं. नंतर एका बैलगाडीला चुकवायला विरुपाक्षानं चक्र गर्रकन फिरवलं, मोटारीचा मागचा भाग गाडीच्या चाकावर घासला आणि शिट्टी थांबली.

पुढचं सगळं, रिकामा रस्ता, कडब्याची गंजी, तिच्यात घुसून थांबलेली मोटर, पुढच्या दारातून उडी टाकून गर्दीत नाहीसा झालेला नवरा, मोटर सुरू करायचं हँडल हातात घेऊन तिथंच उभा राहिलेला येडू, तिला आठवत होतं. पण रात्री जाग यायची ती शिट्टी थांबल्याच्या जागी.

---

लोक गेल्यावर आण्णा आला. तिघा भावंडांत थोरला. नव्या पेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं, आणि धाकट्यानं कापड मोजायचा गज सोडून पोलिसाचा दंडुका धरला याचा राग त्यानं कधी लपवला नव्हता. तो खाटेशेजारी मांडी घालून बसला. पट्ट्यांकडं बघितलं, नजर काढून घेतली.

"दुखतंय?"

"पाय न्हाय दुखत. पाठ दुखतीय. तुझ्या दुकानातली गादी दे की एक."

"देतो." आण्णानं घसा साफ केला. "चन्नू, एक सांग. मोटर कुनाची त्ये तू लांबनंच वळखलं आसशील."

"वळखलं की. हिरवा टप दुसऱ्या कुनाचा हाय?"

"मग हात कशाला वर केलास? आपल्याच मानसाची मोटर."

"हात वर करताना मोटर कुनाची त्ये बघायचं नसतंय, आण्णा. बघितलं की हात जड हुतोय."

"लई शानपना हाय हा. आत तुझी बहीण बसली व्हती, म्हनून धावलास. तसं म्हन."

चन्नप्पानं थोडा विचार केला. "अक्का आत हाय हे ठावं व्हतं. पन ती नसती तरी गेलो असतो." मग दाराकडं बघून ओरडला, "राग मानू नगंस गं, अक्का!"

"न्हाय मानत," गंगम्मा आतून म्हणाली.

आण्णा जरा पुढं सरकला. "आन् चालवत कोन व्हतं?"

स्वयंपाकघरात दाक्षायणीचा भाकरी थापणारा हात थांबला. काशम्मानं माळ धरलेली बोटं थांबवली.

"मी तोंड बघत न्हाय," चन्नप्पा म्हणाला. "चाक बघतो."

"म्हंजे?"

"म्हंजे तेच. नाक्यावर नवा व्हतो तवा मी बी तोंड बघायचो. एकदा एक जण हसत, नमस्कार करत आला. मला वाटलं थांबतोय. त्यानं तशीच अंगावर घातली. ही बरगडी बघ, अजून वण हाय. तवापासनं ठरवलं. मानूस दावतोय एक आन् करतोय एक. फुडचं चाक जिकडं वळंल तिकडंच मोटर जाती. म्हनून डोळा चाकावर ठेवायचा, समोर न्हाय उभं राहायचं, जरा उजव्या अंगाला, आन् एक पाय कायम उचलायच्या तयारीत. माझ्या आधी नाक्यावर जो व्हता त्याला हे कुनी शिकवलं न्हाय. त्याची बायको आता गिरणीत जाती."

हे चन्नप्पानं घरी कधी सांगितलंच नव्हतं. नाक्यावर काय असतं, असं विचारलं की तो म्हणायचा, ऊन असतंय.

"मंजी तू बघितलं न्हाईस," आण्णा म्हणाला.

"न्हाय."

"मग झालं. साहेबांना तेवढंच सांग." आण्णाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला.

---

विरुपाक्ष मोसंब्यांची करंडी घेऊन आला. सासूच्या पाया पडला, मेव्हण्याच्या खाटेजवळ गेला आणि उभाच राहिला.

"बसा की, दाजी," चन्नप्पा म्हणाला.

"गुडघा... काय म्हनाले डॉक्टर?"

"वाकायचा न्हाय म्हनाले. बरं झालं. साहेब लोक मला वाकायला लावायचे."

विरुपाक्ष हसायला गेला. ते जमलं नाही. तो तोंड फिरवून परसात गेला. त्याच्या मागं गंगम्मा गेली.

बेलाच्या झाडाखाली तो भिंतीला हात लावून उभा होता. पंधरा-सोळा वर्षांच्या संसारात नवऱ्याला असा भिंतीचा आधार घेताना तिनं बघितलं नव्हतं.

"गंगू, मी काय मुद्दाम केलं व्हय?"

"न्हाय."

"मग?"

"मग तसं सांगा की साहेबांना. ब्रेक लागला न्हाय, घाबरलो, पळालो. तुमचं तुमी सांगा."

"आन् लायसन? मोटर जप्त झाली तर खायचं काय? येडूचं काय जातंय? त्यो कबूल हाय. आण्णांनी चौकीत निरोप धाडलाय. आत गेला तर त्याच्या घरची ज्वारी मी भरीन."

"त्याला चालवाया येत न्हाय."

"तुला ठावं, मला ठावं. मागच्या बाकावरच्यांना पडदा व्हता. चन्नूनं बघितलं न्हाय." तो जवळ आला. "तू गप ऱ्हा फकस्त. आन् इचारलंच तर येडू म्हन. काय जड हाय त्यात?"

काहीच जड नव्हतं, हेच तिला टोचलं. येडू, पाणी आण. येडू, करंडी उतर. दिवसातून वीस वेळा ती ते नाव घेत होती. आणि दुसरं नाव तिनं उभ्या आयुष्यात एकदाच, याच घरात, मोठ्यानं घेतलं होतं.

ती लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हाची गोष्ट. बैलगाडीतून उतरून ती उंबऱ्याशी आली तर चन्नू दारात. पोरगं एवढंसं, पण दोन्ही हात पसरून दोन्ही चौकटींना लावलेले. "नाव घे, मगच आत." काशम्मा म्हणाली सोड, आण्णानं कान धरला, पण हटला नाही. गल्ली जमली. शेवटी मान खाली घालून ती म्हणाली होती,

"अक्कलकोटच्या वाटेवर बैलगाडीचा धक्का,
विरुपाक्षांचं नाव घेते, चन्नूची मी अक्का."

केवढे हसले होते सगळे. सगळ्यात जास्त विरुपाक्ष.

परसाचं दार वाजलं. बाहेर एक बाई उभी होती. डोक्यावर घोंगडीची खोळ, पाय धुळीनं पांढरे. येडूची बायको मायाक्का. विरुपाक्ष तिला बघून काही न बोलता घरात गेला.

"आक्का, चालत आले," मायाक्का म्हणाली. "चौकीवर गेलते. माजा धनी तोंड उघडंना. म्हनतुया मालकाचं मीठ खाल्लंय. आक्का, तुमी व्हता की मोटरीत. त्यो मोटर पुसतुय, वझं चडवतुय, हांडेल मारतुय. हाकाया कुटं येतंय त्येला? मेंढरं हाकल्यात त्येनं, मोटर न्हाय."

"बस. भाकरी खा."

"नगं. तुमी सांगा की साहेबाला."

गंगम्माच्या एक ध्यानात आलं होतं. मायाक्का इतकं बोलली, पण येडूचं नाव तिनं एकदाही घेतलं नव्हतं. माझा धनी, त्यो, त्येला. हिच्याही तोंडात ते नाव बसत नव्हतं. आणि आपल्या तोंडात किती सहज बसतं.

मायाक्का भिंतीशी उकिडवी बसली. भाकरीला तिनं हात लावला नाही, पण गेलीही नाही.

---

फौजदार येण्याआधी घर दोन बाजूंना वाटलं गेलं.

काशम्मानं लेकीला देवघराच्या कोपऱ्यात ओढलं. सकाळी हीच म्हातारी म्हणाली होती, ज्यानं माझ्या चन्नूचा पाय मोडला त्याचे हात झडोत. आता तिचे डोळे भरून आले होते. "गंगे, त्याचा पाय गेला तो गेला. आता जावयाच्या हातात बेड्या बघू व्हय मी? एक लेकरू मोडलं, दुसऱ्याचा संसार कसा मोडू देऊ?"

"अव्वा, आन् बाहेर बसलीय तिचा?"

"तिचा शिव बघंल."

"अव्वा!" दाक्षायणी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. सासूपुढं आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ असावी. "तुमचा लेक फुकट मोडला म्हना की मग. त्यांनी शिट्टी कशाला वाजवली? सरळ घरी यायचं, चहा प्यायचा. बाजार मेला असता, शिवानं बघितलं असतं!"

"तू गप. तुला काय ठावं?"

"मला एवढं ठावं हाय, रोज सांजच्याला सायकलीची घंटी वाजंपत्तुर मी चूल पेटवत न्हवते." ती पुन्हा आत गेली. भांडी जोरात आपटली.

गंगम्माला वाटत होतं, दाक्षायणीनं आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

---

फौजदारांसाठी शेजारच्या मास्तरांकडची खुर्ची आणली होती. ते मध्यम वयाचे, शांत गृहस्थ होते. लिहायला जमादार. आण्णा आणि विरुपाक्ष भिंतीशी. बायका मधल्या घरात, दाराआड.

चन्नप्पानं सगळं क्रमानं सांगितलं. हात कुठं होता, चाक कुठं होतं, सायकल कुठं टाकली. चालवणारा दिसला नाही, असंही सांगितलं.

फौजदार खुर्चीत पुढं झुकले. "चन्नप्पा, नीट आठवून बघ. त्या येडूकडं बघून मला नाही वाटत तो मोटर चालवत असेल. तू नुसतं म्हण, ओझरता दिसला. एक शब्द दे, मी खटला उभा करतो. तू बाजार वाचवलास. तुझ्या शब्दावर शंका कोण घेणार?"

"कोन घेनार न्हाय, साहेब. म्हनूनच सांगत न्हाय."

जमादाराचा टाक थांबला. फौजदारांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मोटरीत पुढं आणखी कोण होतं?"

चन्नप्पानं डोळे मिटले. "माझी बहीण येनार व्हती त्या मोटरीनं. ती हितंच हाय. पन साहेब, तिला जोर करू नका. तिचं तिला सांगायचं आसंल तर सांगंल."

गंगम्माला वाटलं होतं, भाऊ आपलं नाव काढणार नाही. मग वाटलं, काढलं तर आपल्याकडं बघेल, डोळ्यांनी काही मागेल. त्याचे डोळे मिटलेलेच होते. तो काही मागत नव्हता. नाक्यावर जसा जरा उजव्या अंगाला उभा राहायचा, तसाच आताही तिच्या वाटेतून बाजूला झाला होता.

ती उंबऱ्यापर्यंत आली. पदर पुढं ओढला.

"बाई, मोटर कोण चालवत होतं?"

"येडू, साहेब," आण्णा म्हणाला.

"मी बाईंना विचारतोय."

गंगम्मानं विरुपाक्षाकडं बघितलं. अजून वेळ होता. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं असतं, नुसतं 'साहेब' म्हटलं असतं, तरी तिची सुटका होती. तो आपल्या पायांच्या बोटांकडं बघत होता.

"हे," ती म्हणाली.

"हे म्हणजे कोण?"

"घरातले."

आण्णा उसळला. "साहेब, ती घाबरलीय. कुनाला म्हनती तिचं तिला कळत न्हाय. आन् नवऱ्याचं नाव काय घेतं व्हय बाईमानूस? सोडा तिला."

"ते मला कळतं," फौजदार म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "पण बाई, कागदाला 'हे' कळत नाही. उद्या कोर्टात वकील विचारेल, हे म्हणजे कोण? घरातले म्हणजे कोण, भाऊ की दीर? आणि तो चौकीतला माणूस आतच राहील. नाव लागेल. नाहीतर मी लिहितो, बाईंनी काही सांगितलं नाही. त्यात तुमच्यावर काही येणार नाही."

वाट मोकळी होती. गप्प राहिलं की संपलं. मागून काशम्माचा हात तिच्या पदराला लागला. परसातून कसलाच आवाज येत नव्हता, पण मायाक्का भिंतीशी तशीच बसलेली आहे हे गंगम्माला न बघताही दिसत होतं.

तिनं पदर सोडवून घेतला. या वेळी यमक नव्हतं.

"विरुपाक्ष," ती म्हणाली. मग आवाज वर चढवून, सोप्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझे मालक, विरुपाक्ष, मोटर चालवत व्हते. येडू डाव्या अंगाला पायरीवर उभा व्हता. ब्रेक गेलाय म्हनून त्यानं वळसंगलाच सांगितलं व्हतं. लिवा."

टाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

विरुपाक्षानं मान वर केली. त्याला राग आला असेल असं तिला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा, जड ओझं टपावरून उतरवून खाली ठेवलेल्या माणसासारखा झाला होता. "खरं हाय, साहेब," तो म्हणाला. "येडूला सोडा."

"चला तर," फौजदार उठले. खाटेजवळ थांबून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि चन्नप्पाला, एका शिपायाला, सलाम केला. चन्नप्पा उठायला गेला. पट्ट्यांनी उठू दिलं नाही.

विरुपाक्ष उंबरा ओलांडत होता तेवढ्यात खाटेवरून हाक आली. "दाजी."

तो थबकला.

"वहाणा घाला. ऊन लई हाय."

विरुपाक्षानं वाकून वहाणा घातल्या. त्या घालायला त्याला फार वेळ लागला.

मागचं दार वाजलं आणि मायाक्काची पावलं चौकीच्या दिशेनं पळत गेली. आण्णा कुणाशी न बोलता दुकानाकडं निघून गेला. काशम्मा भिंतीकडं तोंड करून बसली. तिच्या हातात माळ होती, पण मणी सरकत नव्हते.

गंगम्मा मधल्या उंबऱ्यावर तशीच उभी होती. बाहेर जावं तर नवरा त्याच वाटेनं गेला होता. मागं जावं तर आईची पाठ होती. आपलं नाव लावायला आता कुठलं घर राहिलं, असा विचार तिच्या मनात आला, आणि पाय जागचे हलेनात.

चन्नप्पानं उजवा हात वर केला. तळवा समोर, बोटं ताठ, नाक्यावर मोटर अडवताना करत असे तसा. ती गोंधळून बघत राहिली. मग त्यानं हात फिरवला आणि बोटं आपल्याकडं मिटली, थांबलेल्या गाडीला वाट द्यावी तशी.

"नाव घेतलंस न्हवं?" तो म्हणाला. "मग आत ये की, अक्का."